उंबरगावचं टिंब

बारीसरांकडे एकही पेबल नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण डहाणूत यावर कुणाचाच विश्वास बसला नाही आणि पुढे पुढे तर खुद्द दक्षावहिनींचाही, म्हणजे सरांच्या धर्मपत्नीचाही, बसेनासा झाला होता. पेबल हे बिटकॉइनच्या खानदानातलं एक लांबचं, गरीब नाणं. ते मुठीत धरता येत नाही, दगडावर वाजवून खरं-खोटं बघता येत नाही, आणि त्याची बँकही नाही. जगभरच्या लोकांच्या घरातले संगणक एकमेकांशी बोलत राहतात आणि त्या बोलण्यावरच ते नाणं जगतं. दीपेश बारी यांना नाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. असे बोलणारे संगणक एकूण आहेत किती, आणि आहेत कुठे कुठे, एवढंच त्यांना शोधून काढायचं होतं.

"मोजून काय मिळणार?" असं शेजारच्या रूपेशने विचारलं. रूपेशचं स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यामुळे विज्ञानातला कुठलाही विषय त्याला वर्ज्य नव्हता. सर म्हणाले, पीएचडी मिळणार. त्यावर रूपेशने डोळा मारला. खोटं बोलावं तर असं, असा त्या डोळा मारण्याचा अर्थ होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं की बारीसर रात्रंदिवस मशीन लावून पैसे छापतात.

खरं तर काम सरांच्या हातखंड्याचं होतं. सर तलासरी तालुक्यात करंजपाड्याच्या सरकारी शाळेत गणित शिकवायचे. सरकारी शाळेतल्या मास्तराला शिकवण्यापेक्षा मोजण्याचीच कामं जास्त. माणसं मोजा, मतदार मोजा, संडास मोजा, शाळेत न येणारी मुलं मोजा. पाड्यावर मोजायची एक पद्धत असते. पहिल्या घरी जाऊन विचारायचं, बाबा, इथे आणखी कोण कोण राहतं? तो चार घरं दाखवतो. त्या चार घरी जाऊन पुन्हा तेच विचारायचं. नवीन नाव यायचं थांबलं की पाडा संपला. सरांनी लिहिलेला प्रोग्रॅम हेच करायचा. पेबलच्या एका संगणकाला विचारायचं, तुझ्या ओळखीत कोण कोण आहे, आणि त्याने दिलेल्या पत्त्यांवर जाऊन पुन्हा तोच प्रश्न.

पण पाड्यावर दाराला कडी दिसली म्हणजे घर रिकामं असं नसतं. माणसं वीटभट्टीवर गेलेली असतात, बोटीवर गेलेली असतात, किंवा मास्तर येतोय म्हटल्यावर मागच्या दाराने गेलेली असतात. संगणकांचीही हीच जात. पुष्कळसे स्वतः सगळ्यांना हाका मारतात, पण दुसऱ्याने दार वाजवलं तर ओ देत नाहीत. अशांना कसं मोजायचं? तर एकदा मोजायचं, थोड्या दिवसांनी पुन्हा मोजायचं आणि दोन्ही खेपांना तीच तोंडं किती दिसली त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधायचा. सरांनी पूर्वी शाळाबाह्य मुलांसाठी ही युक्ती करून अहवाल वर पाठवला होता. वरून उत्तर आलं, अंदाज नको, आकडा पाठवा.

असा हा गुणी माणूस. त्याच्या घरात संगणक दिवसरात्र घुरघुरत राहिला आणि बाहेर सरांची कीर्ती वाढत गेली. वाणगावच्या बाजारातल्या भाजीवालीने त्यांच्याशी घासाघीस करणं बंद केलं, "तुम्हाला काय कमी?" म्हणून ती गवारीचा भाव चढाच ठेवू लागली. सोसायटीच्या सेक्रेटरीने रंगकामाच्या वर्गणीसाठी त्यांचं नाव सगळ्यात वर लिहिलं. सर घसा कोरडा करून सांगायचे की मी फक्त मोजतो. पण नाण्यांच्या ढिगाऱ्याजवळ बसून कुणी नुसता मोजत असेल हे माणसाला पटणं कठीण आहे, आणि यात माणसाचा दोष आहे असं म्हणता येणार नाही.

आता एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. नियम असा की मास्तराने मुख्यालयी राहायचं, म्हणजे जिथे शाळा तिथेच बिऱ्हाड करायचं. तो तिथे राहतो असा ठराव ग्रामसभेने दरवर्षी करून द्यावा लागतो. सर राहायचे डहाणूरोडला. दक्षावहिनी तिथल्या दवाखान्यात नर्स होत्या आणि लेक निलम दहावीला होती. कागदावर मात्र सर करंजपाड्याला देवजीच्या घरी राहत होते. देवजीने पडवीतली एक खोली त्यांच्या नावाने ठेवली होती. तिच्यात खाट होती, फळा होता, आणि दोरीवर सरांचा एक शर्ट होता. वरचा कुणी येणार असल्याची कुणकुण लागली की देवजीची बायको पुतळी तो शर्ट पाण्यातून काढून पुन्हा वाळत घालायची. ग्रामसभा हात वर करून ठराव करायची. कुणाची तक्रार नव्हती, कारण सर शाळेत वेळेवर यायचे आणि पोरांना गणित यायचं. तालुक्यात निम्म्या मास्तरांचं असंच चाललं होतं.

मग नवे साहेब आले. शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी, किडकिडीत, कपाळाला कायम आठी. आल्या आल्या त्यांनी परिपत्रक काढलं की मुख्यालयी न राहणाऱ्याची गय केली जाणार नाही. आपण स्वतः तलासरीत खोली घेऊन राहतो, हेही त्यांनी भाषणात दोनदा सांगितलं. पहिल्याच महिन्यात एका मास्तरांची मोखाड्याच्या टोकाला बदली झाली. ते जाताना रडले, आणि त्यांना निरोप देणारे मास्तर स्वतःच्या काळजीने रडले.

अशा दिवसांत माणसाने पायापुरतं बघून चालावं. पण विद्वत्तेचा मोह वाईट. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत कुणीतरी 'नावीन्यपूर्ण उपक्रम' सादर करायचा असतो, आणि या खेपेला कुणीच पुढे येईना. सर पुढे आले. त्यांनी प्रोजेक्टरवरून भिंतीवर जगाचा नकाशा लावला. त्यावर सगळीकडे लाल टिंबं. युरोपात गोवर उठल्यासारखी दाटी, अमेरिकेच्या दोन्ही काठांना गर्दी, आफ्रिकेत तुरळक, भारतात मोजकी. सरांना इतका वेळ कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं, त्यामुळे त्यांना जोर चढला. "यातलं एकेक टिंब म्हणजे एकेक घर आहे," ते म्हणाले. "कुणीतरी त्या घरात राहतंय, आणि आपण इथे बसून ते बघू शकतो."

हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं.

साहेब पुढे वाकले. "आपला भाग मोठा करून दाखवा," ते म्हणाले. सरांनी नकाशा मोठा केला. मुंबई खाली सरकली, पालघर आलं, डहाणू आलं. डहाणूत टिंब नव्हतं. सरांना जरा नवल वाटलं, कारण त्यांचा स्वतःचा संगणकही पेबलशी बोलत होता आणि त्याचं एक टिंब डहाणूत असायलाच हवं होतं. नकाशा आणखी खाली सरकला. महाराष्ट्र संपला, गुजरातची हद्द लागली, आणि हद्दीला लागूनच, उंबरगावावर, एकटं लाल टिंब बसलेलं दिसलं.

"हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा चिरकला.

सरांनी मनातल्या मनात हिशोब केला. इंटरनेटचा पत्ता म्हणजे घराचा पत्ता नव्हे. कंपनीने तो ज्या गावाच्या नावावर नोंदवलेला असेल ते गाव नकाशावर येतं. त्यांच्या घरची लाइन बहुतेक उंबरगावहून येत होती. म्हणजे ते टिंब त्यांचंच होतं. मुख्यालयी राहायचं सोडून हा मास्तर थेट परराज्यात राहतो, असं भिंतीवर, रंगीत, सगळ्या केंद्रातल्या मास्तरांसमोर लिहिलं गेलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं. सर म्हणाले, "बघावं लागेल." साहेब म्हणाले, "बघाच." मग चहा आला आणि तो कुणालाच गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला. उंबरगाव येथील टिंबाबाबत सविस्तर माहिती तयार ठेवावी. निवास पडताळणीसाठी शुक्रवारी समक्ष येत आहे. सरांनी तो निरोप इतक्या वेळा वाचला की शेवटी 'समक्ष' हा शब्दच त्यांना शिवीसारखा वाटू लागला.

घरी बैठक बसली. न बोलावता रूपेशही आला. त्याचं म्हणणं, यात टेन्शन घेण्यासारखं काय आहे? उंबरगावात राहत नाही हे सिद्ध करायचं, बस. डहाणूचं लाइट बिल, गॅसचं कार्ड, सोसायटीचा दाखला, सगळं साहेबांच्या टेबलावर आपटायचं. सरांचा चेहरा क्षणभर उजळला. दक्षावहिनी भाजी निवडत होत्या, त्या वर न बघता म्हणाल्या, "म्हणजे डहाणूत राहता हे सिद्ध होईल."

लाइट बिल शोधायला उठलेले सर पुन्हा खाली बसले. गणिताच्या माणसाला ही कोंडी इतरांपेक्षा जास्त स्वच्छ दिसते. गुजरातेत राहत नाही म्हणावं तर डहाणूत राहतो हे निघतं. डहाणूत राहत नाही म्हणावं तर गुजरातेत राहतो हे निघतं. आणि करंजपाड्यात राहतो म्हणावं तर त्याला पुरावा एक ओला शर्ट. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या वाटेवर साहेब. मोखाड्याला बदली झाली तर दक्षाची नोकरी इथे, पोरगी दहावीत, आपण कुठल्यातरी डोंगरात स्टोव्ह पेटवत बसलेले, असं घराचं चित्र त्यांना दिसू लागलं. त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती जेवणात उतरली. ताक प्यायलं तरी जळजळ, भात खाल्ला तरी जळजळ. वहिनींनी दवाखान्यातून गुलाबी औषध आणलं. ते घेऊन सर खिडकीशी उभे राहायचे आणि रस्त्यावर जीप थांबली की दचकायचे.

शेवटी सरांनीच तोड काढली. टिंब खोटं म्हणता येत नसेल, तर टिंबच खऱ्या जागी न्यायचं. संगणक उचलून करंजपाड्याला न्यायचा आणि तिथून चालू करायचा. नकाशाच साक्ष देईल की बारी मुख्यालयी राहतो. रूपेशने आपली इको गाडी काढली. वाटेत कासा, चारोटी, सगळीकडे तो ओळखीच्यांना सांगत गेला की सर मशीन हलवतायत, धाड पडणार आहे. सर मांडीवर मॉनिटर धरून बसले होते आणि आपण कधीकाळी सुवर्णपदक मिळवलं होतं, हे स्वतःला आठवून देत होते.

देवजीने खोली मोकळी केली. संगणक खाटेशेजारी मांडला. इंटरनेट मात्र मोबाइलचंच, आणि मोबाइलला रेंज पडवीच्या एका कोपऱ्यात, तीही अंगणातला कोंबडा मध्ये आला नाही तर. सरांनी फोन कोपऱ्यात टांगला, प्रोग्रॅम चालू केला आणि नकाशा उघडला. करंजपाड्यावर काही नव्हतं. उंबरगावचं टिंब तसंच होतं, कारण नकाशात जुन्या मोजणीचे पत्ते मुक्कामाला होते. आणि सुरतेत एक नवीन टिंब उगवलं होतं. करंजपाड्याचा फोन हद्दीपलीकडचा, गुजरातचा टॉवर पकडत होता. म्हणजे डहाणूत राहून सर उंबरगावात, आणि करंजपाड्यात येऊन सुरतेत. आणखी प्रामाणिकपणा केला तर अहमदाबादपर्यंत जाऊ, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी संगणक बंद केला.

पुतळी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. "गुरुजी, सायबाला आमी काय सांगायचं?" तिने विचारलं.

सर म्हणाले, सांगा की मी इथेच राहतो.

"ते तं दरवरसाला सांगतोच," पुतळी म्हणाली. "त्यात काय नाय. पण तुमाला इतका घाम कां फुटलाय?"

या प्रश्नाला सरांकडे उत्तर होतं, पण ते द्यायला त्यांना लाज वाटली. ही माणसं वर्षानुवर्षं आपल्यासाठी हात वर करतात, आणि आपण शाळा सुटली की मोटारसायकलला किक मारतो, हे त्यांना त्या कोपऱ्यात उभं राहिल्यावर पहिल्यांदाच टोचलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर साहेब आले. एकटेच, स्वतः गाडी चालवत. हे सरांना फारच भयंकर वाटलं, कारण शिपाई न आणता येणारा अधिकारी काहीही करू शकतो. साहेबांनी खाटेकडे पाहिलं नाही, फळ्याकडे पाहिलं नाही. शर्टाचं पाणी त्यांच्या बुटावर ठिबकत होतं, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. देवजीला त्यांनी रीतसर विचारलं, गुरुजी इथे राहतात का? देवजी म्हणाला, हो. पुतळीला विचारलं. पुतळी म्हणाली, "रेहतात ना. आमचेच घरात." आणि तिने गवती चहा घातलेला काळा चहा पुढे केला. साहेबांनी मान डोलवली आणि दोघांना म्हणाले, जरा बाहेर बसता का, मला गुरुजींशी बोलायचं आहे.

दार लोटलं गेलं. सरांनी पाठ केलेलं भाषण सुरू केलं, पण साहेबांनी हाताने थांबवलं. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण आठीवर घाम होता.

"बारी," साहेब हळू आवाजात म्हणाले, "त्या मशीनमध्ये सगळ्यांचीच घरं दिसतात, की फक्त त्या कॉइनवाल्यांची?"

फक्त कॉइनवाल्यांची, सर म्हणाले.

साहेबांनी डोळे मिटले. "आमचा मुलगा दिवसभर कॉम्प्युटरपुढे असतो. कसली तरी कॉइन म्हणत असतो. मी कधी लक्ष दिलं नाही." चहाचा एक घोट त्यांनी उगाचच घेतला. "ते उंबरगावचं टिंब... त्यात घर नंबर येतो का?"

सरांना हे समजायला थोडा वेळ लागला. मुख्यालयावर परिपत्रक काढणारे, तलासरीत खोली घेऊन राहणारे साहेब राहत होते उंबरगावला. महाराष्ट्राच्याही बाहेर. परिषदेत भिंतीवरचं टिंब पाहून त्यांचा आवाज चिरकला तो बारींना पकडल्यामुळे नव्हे, आपण पकडले गेलो म्हणून. गेला आठवडाभर दोन माणसं एकाच टिंबाला घाबरून दोन राज्यांत गुलाबी औषध पीत होती.

ते टिंब माझं आहे साहेब, तुमचं नाही, एवढं म्हटलं असतं तर साहेबांचा जीव भांड्यात पडला असता. पण टिंब माझं म्हणजे ते मूळचं डहाणूचं, आणि मग मोखाडा. सरांनी ते वाक्य गिळलं. त्यांनी खरी पण निराळी गोष्ट सांगितली. नकाशावरचं गाव हे फक्त अंदाजाने असतं, प्रत्यक्ष संगणक पन्नास मैल इकडे नाही तर तिकडे असू शकतो, दुसऱ्या राज्यातही असू शकतो.

"म्हणजे या नकाशावरून कोण कुठे राहतं हे सांगता येत नाही?"

"माणसाचं नाही सांगता येत."

"कुणाचंच?"

"कुणाचंच नाही."

साहेब सरळ बसले. त्यांच्यातला अधिकारी परत आला. "लिहून द्या," ते म्हणाले.

सरांनी लिहून दिलं. सदर नकाशावरील कोणतेही टिंब कोणत्याही व्यक्तीचे निवासस्थान दर्शवीत नाही, सदर उपक्रम केवळ अंदाजपंचे आहे. 'अंदाजपंचे' हा शब्द साहेबांनी सांगितला. सर म्हणाले, साहेब, त्याला सांख्यिकीत 'अनुमान' म्हणतात, आणि त्याला शास्त्र असतं, चुकीची मर्यादा किती तेही काढता येतं. साहेब म्हणाले, अंदाजपंचेच असू द्या, स्पष्ट होतं. सरांनी सही केली. इतक्या रात्री जागून, शेजाऱ्यांचे टोमणे खाऊन, चढ्या भावाने गवार घेऊन उभं केलेलं संशोधन त्यांनी एका सहीने उंदराच्या बिळात ढकललं होतं. नोकरी वाचली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. साहेबांनीही आपल्या कागदावर लिहिलं की श्री. बारी मुख्यालयी राहतात, खात्री केली. दोघांनी एकमेकांच्या सह्या बारकाईने पाहिल्या.

बाहेर सूर्य ताडांच्या मागे चालला होता. सरांची मोटारसायकल अंगणात उभी होती, किल्ली खिशात होती, आणि डहाणूला दक्षावहिनींनी आमटी टाकली असणार. साहेबांनी गाडी चालू केली. पाड्याखाली रस्त्याला दोन फाटे फुटतात, डावा तलासरीला, उजवा हद्दीकडे. सर दारात उभे राहून बघू लागले की साहेब कुठल्या फाट्याला वळतात. गाडी फाट्यावर थांबली. ती बराच वेळ थांबून राहिली. काच खाली होती, आणि साहेब आरशातून मागे बघत होते की बारी मोटारसायकलकडे जातात की घरात.

सरांनी बूट काढले. ते दारात दिसतील असे ठेवले आणि अंगणातल्या बाजेवर, देवजीच्या शेजारी, मांडी घालून बसले. ते बघून साहेबांनी नाइलाजाने गाडी डावीकडे वळवली, तलासरीला, जिथल्या खोलीत बहुतेक अंथरूणही नव्हतं. गाडीचा आवाज टेकाडापलीकडे गेला, पण साहेब पुन्हा फिरून येणार नाहीत याची सरांना खात्री नव्हती. आणि बारी मागोमाग निघून तलासरीत डोकावणार नाही, याची साहेबांना नसणार.

पडवीच्या कोपऱ्यात जाऊन सरांनी घरी फोन लावला. दक्षावहिनींनी विचारलं, काय झालं, कुठे आहात?

"सुटलो," सर म्हणाले. "पण आज येत नाही. इथेच राहतो."

"इथेच म्हणजे कुठे?"

पुतळी आतून विचारत होती की गुरुजी नागलीची भाकर खातात की तांदळाची. इतक्या वर्षांत तिला हे कधी विचारावंच लागलं नव्हतं.